परग्रहावरचे सूक्ष्मजीव नमुन्यांसोबत पृथ्वीवर आले तर? आपली तयारी कितपत आहे?

उत्तररात्र
शनिवार, रात्री ११:२०

२४ जुलै १९६९. अपोलो ११ चं यान पॅसिफिक महासागरात उतरलं. आत तिघं जण, आणि त्यांच्या कपड्यांवर, पेट्यांवर, केबिनच्या कोपऱ्याकोपऱ्यात चंद्राची धूळ. चंद्रावर सूक्ष्मजीव असतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं, पण नसतीलच असं छातीठोकपणे सांगणाराही कुणी नव्हता. म्हणून चंद्रावरून निघाल्यापासून २१ दिवसांचं विलगीकरण ठरलं. ह्यूस्टनला त्यासाठी खास प्रयोगशाळा बांधली. जहाजावर एक हवाबंद फिरती खोली ठेवली, तिच्यात बसूनच तिघांनी ह्यूस्टनपर्यंत जायचं होतं. पुढे चंद्राची धूळ उंदरांना, लाव्यांना, माशांना, कोळंब्यांना, झुरळांना देऊन बघितली, वनस्पतींवर टाकून बघितली. एवढा जामानिमा.

पण यानातून त्या हवाबंद खोलीपर्यंत जायचं कसं? माणसांसकट यान क्रेननं उचलणं जोखमीचं वाटलं, म्हणून झाकण समुद्रातच उघडायचं ठरलं. पाणबुड्यानं झाकण उघडून बंदिस्त पोशाख आत टाकले आणि झाकण लावून घेतलं. तिघांनी पोशाख चढवले, बाहेर तराफ्यावर आले, मग त्यांना जंतुनाशकानं पुसून काढलं. ज्या हवेला तीन आठवडे कोंडून ठेवायचं होतं, ती पहिल्या काही मिनिटांतच समुद्रावरच्या वाऱ्यात मिसळून गेली होती.

हे वाचल्यापासून ते झाकण माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरं उदाहरण घ्या. सप्टेंबर २००४, नासाचं जेनेसिस यान. सौरवाऱ्याचे कण गोळा करून त्याची कुपी यूटाच्या वाळवंटावर आली. पॅराशूट उघडल्यावर हेलिकॉप्टरनं ती हवेतच झेलायची होती. पॅराशूट उघडलंच नाही. ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगानं कुपी जमिनीवर आपटली आणि फुटली. चौकशीत काय निघालं? वेग मंदावतोय हे ओळखणारे छोटे संवेदक उलटे बसवले गेले होते, कारण मुळात आराखड्यातच ते उलटे दाखवले होते. सौरवाऱ्यात जीव नसतात, त्यामुळे नुकसान झालं ते विज्ञानाचं. त्या कुपीत मंगळाची माती असती तर?

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं नववं कलम सांगतं की परक्या ग्रहांवर आपली घाण नेऊ नका, आणि तिकडचं काही आणून पृथ्वीच्या पर्यावरणात घातक बदल घडवू नका. पहिल्या भागावर बरंच बोललं जातं. दुसऱ्या भागावर इथे चर्चा व्हावी असं वाटतं, कारण मंगळाचे नमुने आणायच्या तयारीला काही देश लागले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: मला त्या जंतूची भीती कमी वाटते, झाकणाची जास्त.

मृगशीर्ष
रविवार, सकाळी ७:०५

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही.

मंगळाची माती पृथ्वीवर 'आणायची' म्हणता, ती तर येतच असते. मंगळावर मोठा अशनी आदळला की तिथले दगड अवकाशात उडतात आणि त्यातले काही फिरत फिरत आपल्याकडे येतात. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये शेरगोटी इथे असाच एक दगड पडला. तो मंगळाचा आहे हे कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आज मंगळी उल्कापाषाणांचा एक अख्खा गट त्याच्या नावानं ओळखला जातो. १९८४ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेला एएलएच ८४००१ तर बहुतेकांना माहीत असेल. १९९६ मध्ये त्यात जीवाश्म असल्याचा दावा झाला होता, तो पुढे फारसा टिकला नाही. पण २००० साली त्याच्या चुंबकीय गुणधर्मांवरून दाखवून दिलं गेलं की मंगळावरून उडाल्यापासून इथे येईपर्यंत त्याचा गाभा ४० अंश सेल्सिअसच्या वर तापलाच नव्हता. त्या तापमानात सूक्ष्मजीव आरामात राहतो.

म्हणजे निसर्ग अब्जावधी वर्षं हा प्रयोग करतोय, कुठलंही विलगीकरण न पाळता. आपण अजून इथे आहोत. मंगळाकडून काही यायचं असतं तर ते कधीच येऊन गेलं असतं. कदाचित आपणच ते असू.

शेवाळ
रविवार, सकाळी ७:४०

वाचतेय. मृगशीर्ष यांचा मुद्दा बिनतोड वाटतो. याला उत्तर आहे का कुणाकडे?

उत्तररात्र
रविवार, सकाळी ९:१५

आहे. हा मुद्दा माझ्याही मनात बरेच दिवस होता.

पहिली गोष्ट प्रवासाची. एएलएच ८४००१ अवकाशात दीड कोटी वर्षांहून जास्त काळ भटकत होता. एवढ्या काळात किरणोत्सारानं आतलं जे काही असेल ते निर्जीव व्हायला भरपूर वेळ मिळतो. काही दगड लवकर येत असतील, मान्य. पण बंद नळीतला नमुना काही महिन्यांत येणार, तोही जसाच्या तसा राहावा म्हणून जपून आणलेला. आपण मुद्दाम त्याला न मरण्याची संधी देतोय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पोचलेले मंगळी दगड जवळजवळ सगळे अग्निजन्य आहेत. का? कारण आघातानं उडून जाण्याचा धक्का कठीण दगडच सोसू शकतो. तळ्याच्या तळाशी बसलेला मऊ गाळाचा दगड त्यात चुरा होतो. आणि नासाचं पर्सिव्हिअरन्स हे फिरतं यान २०२१ पासून मंगळावर कुठे हिंडतंय? जेझेरो विवरात, जिथे कधीकाळी तळं होतं आणि नदी येऊन मिळत होती. जुलै २०२४ मध्ये त्यानं तिथल्या एका चिखलदगडाचा नमुना घेतला. त्या दगडावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके आहेत, आणि २०२५ मध्ये नेचर या नियतकालिकात छापून आलं की या ठिपक्यांमागे सूक्ष्मजीव असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सिद्ध झालेलं नाही, पण नाकारताही येत नाही.

थोडक्यात, निसर्गानं पाठवलेली टपाल आणि आपण उचलून आणणार ती टपाल एक नाही. निसर्ग लाव्हाचे दगड पाठवत होता. आपण नेमका तळ्याचा गाळ आणणार आहोत, आणि जीव असण्याची शक्यता सगळ्यात जास्त म्हणूनच तो निवडलाय.

मृगशीर्ष
रविवार, सकाळी ९:५०

गाळाच्या दगडाचा मुद्दा मी असा कधी बघितला नव्हता. मान्य. तरीही त्या ठिपक्यांमागे काही असलंच तर ते अब्जावधी वर्षांपूर्वीचं, जिवंत नव्हे. मंगळाच्या पृष्ठभागावर अतिनील किरणांचा मारा आहे, मातीत परक्लोरेट नावाचे जीवांना घातक क्षार आहेत, पाणी द्रवरूपात टिकत नाही. धोका शून्य म्हणत नाही, पण नगण्य नक्की.

सूक्ष्मदर्शी
रविवार, दुपारी २:३०

बरीच वर्षं रोगजंतूंच्या प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून लिहिते. लांबेल.

आधी दिलासा देणारं. रोग करणं हे सोपं काम नाही. आपल्या शरीरात शिरायचं, तिथल्या तापमानात तगायचं, लोहासारखी मोजूनमापून ठेवलेली द्रव्यं पळवायची, प्रतिकारशक्तीला चकवायचं, ही कौशल्यं जंतूंनी यजमानासोबत लाखो वर्षं झुंजत कमावलेली असतात. मंगळावर यजमानच नाही, तर तिथल्या जीवाला हे कोण शिकवणार? त्यामुळे चित्रपटातल्यासारखी साथ मला संभवत नाही.

पण 'यजमान नाही म्हणजे रोग नाही' हेही पूर्ण खरं नाही. लीजिओनेला हा जीवाणू पाण्यातल्या अमीबांमध्ये वाढणारा. माणूस त्याच्या गणितातच नाही, पण फुफ्फुसात गेला की जीव घेऊ शकतो. अस्परजिलस ही कुजक्या पाल्यापाचोळ्यावर जगणारी बुरशी, दुबळ्या माणसाच्या फुफ्फुसात तीही वाढते. जगण्यासाठी केलेली तयारी भलत्या ठिकाणी कामाला येते, असं निसर्गात होत असतं.

आता माझ्या कामातली गोष्ट. घातक जंतू हाताळतात त्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. कुठे फट पडली तर बाहेरची हवा आत येते, आतलं बाहेर जात नाही. याउलट चंद्राचे दगड किंवा लघुग्रहाचे कण ठेवतात तिथे दाब जास्त असतो. फट पडली तर आतली स्वच्छ हवा बाहेर जाते, बाहेरची घाण नमुन्याला लागत नाही. आता सांगा, मंगळाच्या नमुन्याला कुठला दाब द्यायचा? त्याच्यापासून आपल्याला वाचवायचंय आणि आपल्यापासून त्यालाही. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत एकाच वेळी साधणं हा या विषयातला खरा अवघड भाग आहे. दुहेरी भिंतींच्या पेट्या, मधल्या पोकळीत वेगळा दाब, असे आराखडे झालेत. पण भिंत दुहेरी असली तरी हात घालायला हातमोजे लागतातच, आणि आमच्या कामात सगळ्यात आधी दगा देतात ते हातमोजे. अपोलोच्या वेळीही चंद्राच्या धुळीशी संपर्क आला म्हणून काही तंत्रज्ञांना अंतराळवीरांसोबत विलगीकरणात जावं लागलं होतं. हातमोजा फाटण्याचा अनुभव मीही घेतलाय.

उत्तररात्र यांच्या 'झाकणा'शी म्हणूनच मी शंभर टक्के सहमत.

शेवाळ
रविवार, दुपारी ३:१०

सूक्ष्मदर्शीताई, फार छान समजावलंत. एक बाळबोध प्रश्न: समजा नमुन्यात काही जिवंत सापडलं, तर ते मंगळाचं की आपलंच हे कळणार कसं?

सूक्ष्मदर्शी
रविवार, दुपारी ४:००

बाळबोध मुळीच नाही.

जपानच्या हायाबुसा २ यानानं २०२० मध्ये रियुगू लघुग्रहाचे जेमतेम ५.४ ग्रॅम कण आणले. किती जपले असतील याची कल्पना करा. त्यातला एक कण पुढे ब्रिटनमध्ये अभ्यासासाठी गेला, तेव्हा त्यावर तंतूंसारखे सूक्ष्मजीव दिसले. काही आठवड्यांत त्यांची संख्या वाढली, मग घटली, नेमकी इथले जीवाणू वाढतात-मरतात तशी. ते पृथ्वीवरचेच होते, नमुना हाताळताना लागलेले. २०२४ मध्ये हे छापून आलं. यातून मी दोन गोष्टी शिकले. आपले जीवाणू परग्रहाच्या दगडावर सुखानं जगतात. आणि अत्यंत स्वच्छ जागेतही त्यांना पूर्ण रोखता येत नाही.

अवकाशयानं जोडतात त्या निर्जंतुक दालनांमध्येसुद्धा काही जीवाणू ठाण मांडून असतात. टर्सिकोकस फिनिसिस नावाचा एक आधी फ्लोरिडातल्या आणि नंतर फ्रेंच गयानातल्या, अशा दोन दालनांत सापडला. सतत पुसापुशी करून आपण बाकीच्यांना मारतो आणि सगळ्यात चिवट तेवढे मागे ठेवतो. मंगळावर पोचायची शक्यता सगळ्यात जास्त त्यांचीच.

भ्रमणकक्षा
रविवार, संध्याकाळी ६:२५

'आपलं की परकं' या प्रश्नावर नारळीकर सरांचा फुग्याचा प्रयोग आठवल्याशिवाय राहवत नाही.

एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला गेला. इस्रोचा प्रयोग, प्रमुख शास्त्रज्ञ जयंत नारळीकर. त्याखाली टांगलेल्या यंत्रणेत पोलादाच्या सोळा नळ्या होत्या. आतून निर्वात आणि निर्जंतुक केलेल्या, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून गार ठेवलेल्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर एकेक नळी ठरल्या वेळी उघडायची, तिथली विरळ हवा आत ओढून गोठवायची आणि बंद करायची. खालची हवा सहसा एवढ्या उंचीवर पोचत नाही, तेव्हा तिथे जीवाणू सापडले तर ते वरून आले असतील का, हा प्रश्न होता. नळ्या उघडल्या त्या हैदराबादच्या आणि पुण्याच्या दोन संस्थांमध्ये, स्वतंत्रपणे, म्हणजे एकीकडची चूक दुसरीकडे पकडली जाईल.

जीवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यात तीन जीवाणू विज्ञानाला सर्वस्वी नवे होते. २००९ मध्ये ते जाहीर झाले: खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या नावानं जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोच्या नावानं बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि बॅसिलस आर्यभट्टाय. तिघंही अतिनील किरणांना आपल्या नेहमीच्या भाईबंदांपेक्षा जास्त दाद न देणारे.

हॉईल आणि त्यांचे सहकारी विक्रमसिंगे यांनी सूक्ष्मजीव, अगदी फ्लूसुद्धा, अवकाशातून येतात असं मांडलं होतं. नारळीकर हॉईल यांचे शिष्य. हाती आलेले निकाल गुरूच्या सिद्धांताच्या बाजूनं वळवणं किती सोपं होतं! तसं झालं नाही. यावरून सूक्ष्मजीव अवकाशातून आले हे सिद्ध होत नाही, पुढे अभ्यास करायला मात्र उत्तेजन मिळतं, एवढंच सांगितलं गेलं. आणि तो संयम योग्य ठरला. आर्यभट्टाय पुढे जमिनीवर अनेक ठिकाणच्या मातीत, झाडांच्या मुळांशी सापडला. झाडांच्या वाढीला तो मदत करतो.

सर २०२५ च्या मे महिन्यात गेले. परक्या जीवाचा शोध घेताना कसं वागावं, याचं माझ्यापुरतं उदाहरण त्या सोळा नळ्या आहेत.

पानगळ
रविवार, संध्याकाळी ७:००

सुंदर प्रतिसाद, भ्रमणकक्षा. केरळातल्या २००१ च्या लाल पावसाचंही असंच झालं होतं ना? तो रंग परग्रहावरच्या पेशींचा असल्याचा दावा झाला आणि निघालं ट्रेंटेपोलिया नावाचं शेवाळ.

मला मात्र रोगापेक्षा वेगळी काळजी आहे. बेडकांकडे बघा. एक बुरशी, बॅट्राकोकायट्रियम. माणसानं प्राण्यांची ने-आण केली तेव्हा तीही सोबत जगभर गेली. जिथे ती नवी होती तिथल्या बेडकांकडे तिच्याशी लढायला काहीच नव्हतं. २०१९ च्या एका अभ्यासात मांडलंय की उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या तिच्यामुळे घटली आणि ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. ती बुरशी परग्रहावरची नव्हती, याच पृथ्वीची होती, फक्त जागा बदलली.

परका जीव माणसाला शिवणारसुद्धा नाही कदाचित. पण तो समुद्रात वाढला, मातीतल्या जीवाणूंच्या वाटणीचं काही खाऊ लागला आणि त्याला खाणारं कुणी नसलं, तर? सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी सायनोबॅक्टेरियांनी बाहेर टाकलेल्या ऑक्सिजननं वातावरणच बदललं. त्यांचा कुणावर राग नव्हता. ते आपापलं जगत होते.

मृगशीर्ष
रविवार, संध्याकाळी ७:४५

पण परक्या जीवाचं रसायनशास्त्रच वेगळं असेल तर इथलं अन्न त्याला पचणार नाही, आणि आपल्यासारखं असेल तर आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखेल. दोन्हीकडून आपण सुरक्षित.

पानगळ
रविवार, रात्री ८:३०

तेच वाक्य उलटं करून बघा. आपल्यासारखा असेल तर आपलं अन्न त्याला पचेल. वेगळा असेल तर आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखणार नाही.

आणि वेगळा असूनही पोट भरू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी सायन्स या नियतकालिकात एक इशारा दिला, आरसाजीवांबद्दल, म्हणजे ज्यांचे रेणू नेहमीच्या रेणूंचं आरशातलं प्रतिबिंब असतील अशा जीवांबद्दल. पृथ्वीवरच्या जीवांची प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची बनतात. कुणी प्रयोगशाळेत उजव्या हाताच्या रेणूंचा जीवाणू घडवला, तर प्रतिपिंडं, विकरं, जीवाणूंना खाणारे विषाणू, यातलं बरंचसं त्याच्यावर चालणार नाही, कारण कुलूप-किल्लीचा आकारच जुळणार नाही. पण ज्या साध्या रेणूंना डावं-उजवं नसतं, त्यांच्यावर तो जगू शकेल. यातले काही शास्त्रज्ञ स्वतः असे जीव घडवण्याच्या दिशेनं काम करत होते, आणि त्यांनीच हे करू नका म्हटलं. परग्रहावरचा जीव आरशातला असेलच असं मी म्हणत नाही. 'वेगळा म्हणजे निरुपद्रवी' हे गृहीतक मात्र तिथे मोडलं.

मृगशीर्ष
रविवार, रात्री ८:५०

विचार करायला लावलंत. यावर वाचून मग लिहितो.

पहिलापाऊस
रविवार, रात्री ९:२०

मी अजून शिकतोय, त्यामुळे चुकलं तर सांगा. सगळं वाचून भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. ते बिबट्याचे ठिपके असलेला दगड नळीत बंद होऊन मंगळावर पडून आहे आणि आपण आणायचाच नाही का? तिथे खरोखर जीव होता असं कळलं तर माणसाला त्याहून मोठं काय कळायचं राहील? अवकाशातच, म्हणजे स्थानकावर किंवा चंद्रावर, तपासणी करून मग खाली आणता नाही का येणार?

सूक्ष्मदर्शी
रविवार, रात्री १०:०५

चुकलं काहीच नाही, आणायलाच हवा. मी आयुष्यभर जंतूंसोबत काम केलंय, त्यांना घाबरून दार लावणं मलाही नको आहे.

अवकाशात तपासायची कल्पना जुनी आहे. अडचण अशी की या तपासणीला लागणारी उपकरणं अवजड, आणि ती चालवायला अनेक विषयांतली माणसं हवीत. आणि स्थानकावर काही सांडलं तर तिथली माणसं जाणार कुठे? शेवटी ती खालीच येणार. त्यापेक्षा इथली इमारत नीट बांधलेली बरी. नमुन्याचा काही भाग तापवून किंवा किरणोत्सारानं निर्जंतुक करून जगभरच्या प्रयोगशाळांना द्यायचा आणि उरलेला बंदोबस्तात ठेवायचा, ही वाट मला शहाणपणाची वाटते. खनिजांचे बरेचसे अभ्यास निर्जंतुक नमुन्यावरही होतात.

युरोपीय तज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक मोजमाप सुचवलं होतं: ०.०१ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा एकही निर्जंतुक न केलेला कण निसटण्याची शक्यता १० लाखांत १ हून कमी हवी. एवढा बारीक कण का, तर जीवाणूच नव्हे, जनुकं वाहून नेणारे त्याहून लहान कणही धरले पाहिजेत म्हणून.

भ्रमणकक्षा
रविवार, रात्री १०:४०

'१० लाखांत १' हे कुणी ठरवायचं आणि कुणाच्या वतीनं, हा माझा प्रश्न.

थोडा इतिहास. नोव्हेंबर १९५७. स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडून महिना झाला होता. जोशुआ लेडरबर्ग हे जीवाणूशास्त्रज्ञ कोलकात्याला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे जेवायला गेले होते, आणि त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. सोव्हिएत रशियावाले आपल्या क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाला चंद्रावर स्फोट घडवून दाखवतील का, यावर हाल्डेन बोलू लागले. लेडरबर्ग यांच्या मनात आलं, राजकारणाच्या चढाओढीत विज्ञानाचा विचार कुणी करणारच नाही. परत गेल्यावर त्यांनी वैज्ञानिकांना पत्रं लिहून ग्रहांच्या दूषितीकरणाचा विषय लावून धरला. पुढच्या वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच १९५८ साली कॉस्पार ही आंतरराष्ट्रीय समितीही स्थापन झाली. ग्रहरक्षणाची नियमावली आजवर तीच सांभाळते.

पण कॉस्पारची नियमावली म्हणजे कायदा नव्हे. करारातलं नववं कलम बंधनकारक आहे, पण त्यात 'घातक' म्हणजे काय, मोजायचं कसं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मोहीम पाठवणारा देश स्वतःच धोका मोजतो आणि स्वतःच पास होतो. खाजगी कंपन्यांनाही परवानगी त्यांचाच देश देतो. चीन २०२८ च्या सुमारास थ्येनवन ३ पाठवून २०३१ च्या आसपास मंगळाचे नमुने आणायचं म्हणतोय. नासानं २०२४ मध्ये स्वतःच सांगितलं की ठरलेल्या आराखड्यानं गेलो तर आपले नमुने यायला २०४० उजाडेल आणि हे परवडणारं नाही. म्हणजे शर्यत आहे, आणि शर्यतीत पहिली कात्री कशाला लागते हे आपण सगळे जाणतो.

नमुने उतरणार एका देशात. निसटलं तर सीमा बघून थांबणार नाही. मग ज्या देशांचं यान नाही, प्रयोगशाळा नाही, त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं. कुपी निघाल्यावर नव्हे, आराखडा कागदावर असतानाच.

पानगळ
रविवार, रात्री ११:००

+१. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये पिरब्राइटच्या संशोधन केंद्रातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू निसटला तो सांडपाण्याच्या नादुरुस्त नळांतून. आसपासच्या शेतांवरची गुरं मारावी लागली. नळ कुणी दुरुस्त करायचा आणि खर्च कुणी द्यायचा, यावर आधीपासून चालढकल चालू होती. सगळ्यात घातक जंतूंच्या इमारतीत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू नळ होता.

उत्तररात्र
रविवार, रात्री ११:३०

एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. मृगशीर्ष, तुमच्यामुळे मुद्दे धारदार झाले. आता ज्या यंत्रणा उभ्या राहतील त्यांच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: कुपी पॅराशूट न उघडताही फुटणार नाही अशी असावी, धोका मोजणारी माणसं मोहीम पाठवणाऱ्यांच्या पगारावर नसावीत, आणि नमुने घेणारी इमारत यान परतीला निघण्याच्या कितीतरी आधी बांधून, खोटे नमुने वापरून वर्षानुवर्षं चालवून बघितलेली असावी. अपोलोची प्रयोगशाळा घाईत उभी राहिली होती.

सूक्ष्मदर्शी, एक विचारू? तुम्ही हातमोजा फाटल्याचं लिहिलंत. तो फाटल्याचं कळलं कसं?

सूक्ष्मदर्शी
सोमवार, सकाळी ६:१०

विचारलंत ते बरं केलंत. रात्री यावर लिहायला बसले होते, मग पुसून टाकलं.

बंद पेटीचे हातमोजे जाड रबराचे असतात, खांद्यापर्यंत येणारे, पेटीच्या कड्यावर घट्ट बसवलेले. काम सुरू करण्याआधी ते तपासायचे असा नियम. आत हात घालून प्रत्येक बोट ताणून बघायचं, रंग बदललाय का, चीर आहे का. मग नोंदवहीत सही. त्याशिवाय ठरावीक दिवसांनी पेटीत दाब भरून गळती बघतात.

त्या दिवशी मी दोन तास आत काम केलं. हाताला काही लागलं नाही, ओल जाणवली नाही. दुसऱ्या दिवशी दाबाची चाचणी होती. काटा हळूहळू खाली यायला लागला. सहकाऱ्यानं साबणाचं पाणी लावत लावत सगळे सांधे बघितले, झडपा बघितल्या. शेवटी उजव्या हातमोज्याच्या अंगठ्यापाशी, जिथे तो कड्याला घासतो तिथे, एक बुडबुडा आला. भोक डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं, रबर ताणल्यावरच उघडायचं.

पेटीत दाब कमी होता, म्हणून बाहेर काही आलं नाही. मला तीन आठवडे रोज दोनदा ताप मोजून लिहावा लागला, बाकी काही झालं नाही. आदल्या दिवशीचं पान मी नंतर काढून बघितलं. हातमोज्यांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'ठीक' लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही. मी खरंच प्रत्येक बोट ताणून बघितलं होतं.